आउटबोर्ड आणि ई20: देवबागच्या बोटींच्या प्रकल्प नोंदी

22 मे 2025

कामाला आजपासून सुरुवात. प्रश्न साधा आहे. पंपावर आता मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजेच ई20, आणि आमच्या बोटींच्या मागे बाहेरून लावलेल्या आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिका 10 टक्क्यांच्या पुढे जायला तयार नाहीत. यामाहा घ्या, मर्क्युरी घ्या, मर्यादा तीच. रस्त्यावरच्या गाड्यांना निदान एक आधार आहे: एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचं रबर-धातू ई20 सोसेल असं बनवलेलं आहे. बोटीच्या इंजिनाला असा काही वर्ष-महिना नाही. आणि दुसरं पेट्रोल जवळपास मिळत नाही, त्यामुळे 'वापरायचं की नाही' हा प्रश्नच उरत नाही. वापरायचंच आहे, कसं तेवढं ठरवायचं.

तपासणीला तीन इंजिनं धरली. आबांचं जुनं 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, ज्याचं ऑइल पेट्रोलातच मिसळावं लागतं. दुसरं 25चं फोर-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवालं (हवा-पेट्रोल मिसळणारं साधं यंत्र). तिसरं 60चं फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवालं. तिघांचे स्वभाव वेगळे, म्हणून निवड सोयीची. हिशोब आणि नोंदी माझ्याकडे, पाना-स्क्रूड्रायव्हर मिस्त्रीकडे.

आबांचा पहिला शेरा: "ऊस पिकता घाटार, आणि त्रास आमच्या इंजिनांक?" उसाबरोबर आता मका आणि तुकडा तांदूळही इथेनॉलला जातो, हे सांगून त्यांचं समाधान झालं नाही.

24 मे 2025

आधी खात्री करून घेतली की पंपावर 20 टक्के म्हणतात ते खरंच 20 आहे का. पद्धत कोणालाही करता येते. 100 मिलीची काचेची मोजनळी, त्यात 10 मिली पाणी (दिसावं म्हणून निळ्या शाईचा थेंब), वर 90 मिली पेट्रोल. बूच लावून हलवायचं, मध्ये एकदा बूच सैल करून वाफ सोडायची, मग उभी ठेवून द्यायची. उघड्यावर, सावलीत, विडी-काडी लांब.

इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाण्याची सोबत प्यारी. ते खाली उतरतं आणि निळा थर फुगतो. 10 मिलीवर असलेली रेघ 28च्या जरा खाली येऊन थांबली. 90चे 20 टक्के म्हणजे 18, म्हणजे हिशोब जुळला. दुसऱ्या पंपाच्या नमुन्यातही तसंच. अर्धा-एक मिली इकडेतिकडे झालं तर भांडायला जायचं नाही, घरगुती नळीची तेवढीच ताकद.

बघायला जमलेल्या पोरांपैकी एकाने लगेच विचारलं, "मग असंच पाणी घालून इथेनॉल काढून टाकू आणि वरचं पेट्रोल वापरू." कल्पना सगळ्यांनाच सुचते, म्हणून उत्तर लिहून ठेवतो. इथेनॉल स्वतः ऑक्टेन (न ठोकता जळण्याची क्षमता) वाढवतं. कंपन्या ते गृहीत धरूनच मूळ पेट्रोल बनवतात. ते काढलं की उरलेल्याचं ऑक्टेन खाली येतं आणि भर वेगात इंजिन ठोकायला लागतं. शिवाय तीस-चाळीस लिटर पेट्रोल बादल्यांतून ढवळत बसणं म्हणजे आगीला आमंत्रण, आणि खाली राहिलेलं घाण पाणी कुठे टाकणार? खाडीत? हा मार्ग बंद.

26 मे 2025

पावसाने यंदा वेळापत्रकच फाडलं. काल 25 तारखेला मान्सून तळकोकणात पोचल्याचं हवामान खात्याने सांगितलं. तसाही 25 मेपर्यंतच जलक्रीडेला परवानगी असते, त्यामुळे हंगाम कागदावर पूर्ण झाला, पण त्याच्या आधीचे दिवस पाऊस-वाऱ्यातच गेले. बोटी घाईघाईने वर ओढल्या.

या घाईचा प्रयोगाला मात्र फायदा आहे. टाक्या ज्या अवस्थेत वर आल्या त्याच अवस्थेत ठेवायच्या ठरवल्या:

एक टाकी गळ्यापर्यंत भरलेली, झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट. दुसरी साधारण निम्मी, स्क्रू उघडा, बोटीतच, वर ताडपत्री. तिसरी पूर्ण रिकामी, सुकवलेली, झाकण बंद. शिवाय एका काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल, झाकण सैल, पण घरापासून लांबच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पाऊस न लागेल असं. ही बाटली मुद्दाम. 'ई20 हवेतलं पाणी ओढून घेतं' असं जो तो म्हणतो, ते कितपत खरं ते बघायला.

9 जून 2025

पाऊस धरून आहे. शेडच्या दारात बसून दोन चाचण्या केल्या.

पहिली: किती पाणी पचतं? 100 मिली पेट्रोलमध्ये इंजेक्शनच्या सिरिंजने थोडं थोडं पाणी सोडत गेलो. सुरुवातीचं पाणी हलवल्यावर नाहीसं होतं, पेट्रोल स्वच्छच. साधारण एक मिलीच्या आसपास पोचल्यावर अचानक सगळं तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं गढूळ झालं, आणि थोड्या वेळाने तळाशी वेगळा थर बसला. हेच जुन्या 10 टक्केवाल्यात साधारण अर्ध्या मिलीला होतं. म्हणजे ई20 जास्त पाणी पोटात ठेवू शकतं. ऐकायला हे बरं वाटतं, पण फुटलं की खाली बसणारा थरही मोठा असतो, कारण त्यात इथेनॉलही जातं.

मग गढूळ व्हायच्या जरा आधीचा, अगदी स्वच्छ दिसणारा नमुना घेतला आणि बाटली मासळीच्या बर्फाच्या पाण्यात धरली. बघता बघता ढगाळ. दुपारी बरं दिसणारं पेट्रोल पहाटे थंडाव्याला फुटू शकतं, ते असं.

दुसरी चाचणी आबांच्या इंजिनासाठी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. त्यांच्या प्रमाणात, लिटरला 20 मिली, टू-स्ट्रोक ऑइल मिसळलं. ऑइलला रंग असतो, त्यामुळे सगळं मिश्रण निळसर. आता जास्तीचं पाणी घालून मुद्दाम फोडलं. वरचा थर निळसरच राहिला. खालचा थर जवळजवळ बिनरंगी. हातमोजा घालून तो बोटांत चोळला, बुळबुळीतपणा नावाला नाही.

आबा वाकून बघत होते. "तेल खंय गेला?"

"वरच्या थरात."

"आणि इंजिन खालचाच पिता."

त्यांनी एका वाक्यात सगळं सांगितलं. टाकीतली नळी तळातून ओढते. टाकी फुटलेली असेल तर टू-स्ट्रोकला सगळ्यात आधी मिळतं ते इथेनॉल आणि पाणी, ज्यात ऑइल नाही. पिस्टन, रिंगा, बेअरिंग कोरडी. फोर-स्ट्रोक अशा वेळी फक्त बंद पडेल, टू-स्ट्रोक जाम होईल. ज्या टू-स्ट्रोकना ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे त्यांना हा धोका बराच कमी.

14 जुलै 2025

बाहेर काही करण्यासारखं नाही. वाचन आणि आकडेमोड.

गाडीचा अनुभव बोटीला का लागू होत नाही, हे मिस्त्रीला समजावताना माझंही डोकं साफ झालं. शुद्ध पेट्रोलचा एक किलो जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9. ई20साठी हिशोब केला तर साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. आजच्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो, तो हे ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला असा कोणी सांगणारा नाही. त्याच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक जेवढं आहे तेवढंच इंधन जाणार. इंजेक्शनवाल्या अनेक आउटबोर्डांतही हा सेन्सर नसतो, ती नुसत्या ठरलेल्या तक्त्यावर चालतात. मिश्रण पातळ, म्हणजे जळण गरम.

वर गाडीचं इंजिन पूर्ण जोर लावतं ते कधीतरी घाटात. आमची पूर्ण भरलेली बोट खाडी-समुद्राच्या संगमावरच्या लाटा कापत जाते तेव्हा इंजिन सगळा वेळ घाटच चढत असतं.

अमेरिकेत 15 टक्क्यांच्या मिश्रणावर बोटींची परीक्षा झालेली आहे. 2011 सालच्या त्या अहवालासाठी मर्क्युरीने तिथल्या सरकारी ऊर्जा प्रयोगशाळेकरता तीन प्रकारची आउटबोर्ड 300 तास चालवायला घेतली होती. 300 हॉर्सपॉवरच्या फोर-स्ट्रोकचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तडकले, 200च्या टू-स्ट्रोकचं बेअरिंग गेलं, आणि लहान 9.9चं चालणं बिघडलं. बेअरिंग इथेनॉलनेच गेलं असं ते ठामपणे म्हणत नाहीत, हेही नोंदवायला हवं. तिथे आजही 15 टक्क्यांचं पेट्रोल बोटीत भरायला कायद्याने मनाई आहे. दुसऱ्या टोकाला ब्राझील: तिथे वर्षानुवर्षं 27 टक्के चालतंय आणि 1 ऑगस्टपासून 30 होणार आहे. तिथल्या बोटी काही बुडाल्या नाहीत. इंजिनं आणि माणसं दोन्ही त्याला सरावली.

10 ऑगस्ट 2025

परवा नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात उतरायला लागल्या. खाडीपलीकडच्या एका मच्छीमाराचं टू-स्ट्रोक जेटीपासून थोड्याच अंतरावर बंद पडलं, वल्ही मारत परत आला. नळीवरचा दाबायचा फुगा काढून त्यातलं काचेच्या ग्लासात ओतलं. खाली गढूळ पिवळट थर, वर पेट्रोल. टाकीत मे महिन्यातलं उरलेलं, त्यावरच नवीन भरलेलं. नशिबाने जाम झालं नव्हतं. टाकी रिकामी, नळ्या धुतल्या, ताजं मिश्रण, आणि चालू झालं. फुटलेलं पेट्रोल ताज्यात घालून 'जिरवायचा' सल्ला तिथे जमलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी दिला. जिरत नाही.

मोबाइलवर सगळीकडे ई20चा गदारोळ चालू आहे. मायलेज, वॉरंटी, विमा. पेट्रोलियम मंत्रालयाची स्पष्टीकरणंही येतायत. सगळं गाड्या आणि दुचाक्यांवर. बोटीबद्दल मला तरी चकार शब्द सापडला नाही.

28 ऑगस्ट 2025

टाक्या उघडल्या. ज्यासाठी पावसाळाभर थांबलो तो दिवस.

भरलेली, स्क्रू बंद असलेली टाकी: पेट्रोल स्वच्छ. वास थोडा शिळा. मोजनळीची चाचणी मेसारखीच. चालेल, पण ताज्यात मिसळून आणि लगेच संपवायचं.

रिकामी टाकी: कोरडी ठणठणीत. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि तेच तर हवं होतं.

निम्मी, स्क्रू उघडा असलेली: हातपंपाने तळातून काढलं आणि पहिली बाटली बघूनच मिस्त्री हसला. खालचा थर बोटभर. त्यात गंजाचे आणि ताडपत्रीच्या धुळीचे कण. टाकीचं झाकण बघितलं तर स्क्रूभोवती खोलगट जागा आहे, तिथे पाणी साचल्याची रेघ स्पष्ट. ताडपत्रीवरून गळलेलं पाणी तिथे साठलं आणि उघड्या स्क्रूतून थेंब थेंब आत गेलं.

आता ती शेडमधली बाटली. झाकण सैल, कोकणातला अख्खा पावसाळा, हवा ओली चिंब. पेट्रोल कमी झालं होतं, उडून गेलेलं, वासही उतरलेला. पण स्वच्छ. थर नाही, ढग नाही. सिरिंजने पाणी घालून बघितलं तर जूनच्या चाचणीच्या मानाने लवकर गढूळ झालं, म्हणजे हवेतलं थोडं पाणी ओढलं होतं हे खरं. पण नुसत्या हवेने ते फुटलं नाही.

यातून माझं मत पक्कं झालं. हवेला शिव्या देण्यात अर्थ नाही. पाणी येतं ते पावसाचं, फवाऱ्याचं, झाकणातून, सरळ पाणी म्हणून. आणि ते आपण अडवू शकतो.

3 सप्टेंबर 2025

25च्या फोर-स्ट्रोकचा कार्ब्युरेटर उघडला. हे इंजिन पेट्रोल न काढताच वर ठेवलं होतं. बाउलच्या (पेट्रोल साठतं ती वाटी) तळाला पांढरी पूड, ॲल्युमिनियमला खाल्ल्याची. पितळी जेटवर हिरवट छटा, आणि बारीक जेट बंद. सुईच्या टोकाचं रबर फुगलेलं. 60च्या इंजेक्शनवाल्याचं पेट्रोल आतल्या छोट्या टाकीपर्यंत काढून ठेवलं होतं, ते पहिल्याच चावीला चालू झालं.

जुनी नळी उभी चिरून बघितली. बाहेरून ठीक, आतलं अस्तर पापुद्र्यासारखं सुटतंय. तेच तुकडे पुढे फिल्टरमध्ये जाऊन बसतात. नवी नळी घेताना अंगावर एसएई जे1527 छापलेलं बघून घ्यायचं, बोटीच्या इंधनासाठीचं मानक ते. दुकानदार गाडीची नळी 'तीच आहे' म्हणून देतो. ती तीच नसते.

सर्वोच्च न्यायालयाने परवा ई20विरुद्धची याचिका फेटाळली. म्हणजे वेगळं पेट्रोल मिळेल ही आशा सोडून कामाला लागायला हरकत नाही.

19 सप्टेंबर 2025

तिन्ही बोटींवर पाणी वेगळं करणारे 10 मायक्रॉनचे फिल्टर बसवले, तळाला पारदर्शक वाटी असलेले. पहिल्या काही टाक्यांना फिल्टर लवकर भरणार, कारण इथेनॉल जुन्या टाकीतला चिकट थर सोडवून पुढे पाठवतं. सुटा फिल्टर बोटीत ठेवायचा. फिल्टर सुटं पाणी पकडतो, विरघळलेलं नाही, हे पोरांना दोनदा सांगितलं. फुटलेल्या टाकीवर तो इलाज नव्हे. त्याचं खरं काम इशारा देणं: सकाळी वाटीत रेघ दिसली की बोट बाहेर काढायची नाही.

12 ऑक्टोबर 2025

आबांच्या टू-स्ट्रोकचे प्लग. भर वेगात नेऊन, तिथेच इंजिन बंद करून, ओढत परत आणून काढले. दोन्ही पांढरे, कडेला बारीक चमकते ठिपके. मिश्रण पातळ आहे, याला आणखी पुरावा नको.

जेटचा हिशोब असा: भोकाचा व्यास 4 टक्के वाढवला की क्षेत्रफळ साधारण 8 टक्के वाढतं, आणि आपल्याला तेवढंच हवं. समजा 100 नंबरचा जेट असेल तर 104 हवा, बाजारात 105 मिळतो. थोडं जाड मिश्रण टू-स्ट्रोकला चालतं, पातळ परवडत नाही, म्हणून वरचाच घ्यायचा. जेट भोक पाडून मोठा करायचा नाही, कडा खडबडीत राहतात. मिस्त्रीला हे पटत नव्हतं, त्याच्याकडे बारीक ड्रिलचा डबा आहे आणि त्याला तो वापरायचा होता.

जेट बदलून तसंच पुन्हा. प्लग उदी, जसे हवेत. आबांनी प्लगकडे बघितलंच नाही, ते आवाज ऐकत होते. "आता भरलो आवाज. आधी पोकळ होतो."

25 ऑक्टोबर 2025

दिवाळीची गर्दी. काम शून्य, बोटी चालू. तक्रार नाही.

16 नोव्हेंबर 2025

पेट्रोल किती जास्त लागतं? कागदावर लिटरमागची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी, आणि आधीच्या 10 टक्केवाल्यापेक्षा साडेतीनच्या आसपास. प्रत्यक्ष 60च्या बोटीवर जेटी ते संगम, तिथून डॉल्फिनच्या बाजूला आणि परत, अशी एकच वाट धरून बघितलं. भरती-ओहोटीने आणि माणसांच्या वजनाने पडणारा फरक याहून मोठा निघतो. तिकिटाचा दर ठरवताना कागदावरचा आकडा धरा, असं सगळ्यांना सांगितलं.

मोठा बदल पेट्रोल आणण्यात झाला. आधी स्वस्तात एक खेप म्हणून ड्रम भरून ठेवायचे. आता दोन-तीन दिवसांत संपेल तेवढंच. टू-स्ट्रोकचं ऑइल त्या दिवसाच्या पेट्रोलातच घालायचं. संध्याकाळी बोट लागली की झाकणाचा स्क्रू बंद, सकाळी निघताना उघडायचा. विसरला की फुगा आत चिमटतो आणि इंजिन बंद पडतं, त्यामुळे उघडायला कोणी विसरत नाही. बंद करायलाच विसरतात.

'इथेनॉल दुरुस्त करणाऱ्या' बाटल्या दोघांनी आणल्या होत्या. पेट्रोल शिळं व्हायला उशीर लावणारं औषध उपयोगी पडू शकतं, मोठ्या बसवलेल्या टाक्यांना तर नक्कीच. पण फुटलेलं पेट्रोल पुन्हा एक करतो असा दावा करणारी बाटली मोजनळीत घालून बघितली. हलवल्यावर एक झाल्यासारखं दिसलं, चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा दोन थर. त्या पैशात नळी येते.

7 डिसेंबर 2025

बाकी कामं. 25च्या इंजिनाला कार्ब्युरेटरचं नवं किट बसलं, पण फ्यूल पंपाचा डायाफ्राम (आतला लवचिक पडदा) अजून जुनाच आहे. तो मागवलाय. फुटलेलं पेट्रोल लोखंडी कॅनमध्ये चिठ्ठी लावून शेडमध्ये आहे, ते घेणारा अधिकृत माणूस शोधतोय. कुणी 'गवत जाळायला द्या' म्हणालं तर देऊ नये.

येत्या मेसाठी ठरलं: सुट्या टाक्या रिकाम्या आणि सुक्या, कार्ब्युरेटरच्या बाउलचा तळाचा स्क्रू उघडून शेवटचा थेंबही काढायचा, इंजेक्शनवाल्याची आतली टाकी रिकामी, सिलिंडरमध्ये ऑइलचा फवारा. हे 20 तारखेच्या आधी. यंदासारखा पाऊस लवकर आला तर कोणाला वेळ मिळत नाही.

खाडीपलीकडचे दोघे मच्छीमार मोठा जेट मागायला आले होते. त्यांची इंजिनं वेगळ्या बनावटीची, आबांचा नंबर त्यांना चालणार नाही. आधी प्लग आणा म्हटलं. रविवारी येतायत.